हृदयस्नायूचे बळ आणि नियमित व्यायाम

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णास घरी नेताना कुटुंबीयांच्या हाती औषधांच्या चिठ्ठीबरोबर इकोकार्डिओग्राफीचा अहवालही दिला जातो. त्या अहवालात पुष्कळदा एक ओळ असते : ‘ई. एफ. ३५ टक्के’. शालान्त परीक्षेच्या गुणांची सवय असलेल्या आपल्या मनाला हा आकडा काठावर पास झाल्यासारखा भासतो. हृदयाचे दोन तृतीयांश बळ संपले, आता उरलेले जपून वापरावयाचे, असा अर्थ घेतला जातो. मग प्रेमापोटी निर्बंध सुरू होतात. जिना चढू नका, पिशवी उचलू नका, शक्यतो पडून राहा. रुग्णही हळूहळू खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर स्थिरावतो.

या काळजीमागील भावना आदरणीय आहे; परंतु वैद्यकशास्त्राचा गेल्या सत्तर वर्षांचा अनुभव निराळे सांगतो. स्थिर प्रकृतीच्या हृदयरुग्णास योग्य मात्रेत दिलेला नियमित व्यायाम हा उपचारच आहे. तो उपचार हृदयस्नायूवर आणि संपूर्ण शरीरावर नेमके काय कार्य करतो, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि तो कसा घ्यावा, याचा विचार या लेखात केला आहे.

ई. एफ. म्हणजे काय?

हृदयाचा डावीकडील खालचा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, प्रत्येक ठोक्यास रक्ताने भरते आणि आकुंचन पावून त्यातील काही भाग महारोहिणीत ढकलते. भरलेल्या रक्ताचा जितका टक्के भाग बाहेर पडतो तितका ई. एफ. निरोगी हृदयसुद्धा शंभर टक्के रिकामे होत नाही. जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त भरून त्यातील ७० मिलिलिटर बाहेर पडले, तर ई. एफ. सुमारे ५८ टक्के येतो, आणि तो अगदी सुदृढ मानला जातो. सर्वसाधारणपणे ५५ ते ७० टक्के ही निरोगी मर्यादा होय. म्हणून ३५ टक्क्यांची तुलना शंभराशी न करता या मर्यादेशी करावयास हवी.

दुसरी गोष्ट अशी की, हा आकडा रुग्ण आडवा पडलेला असताना, विश्रांतीच्या अवस्थेत मोजलेला असतो. तो रुग्ण किती चालू शकेल हे त्यावरून सांगता येत नाही. एकच ई. एफ. असलेल्या दोन व्यक्तींपैकी एक जण दोन मजले सहज चढतो, तर दुसऱ्यास स्नानगृहापर्यंत जातानाही धाप लागते, असे अनेकदा दिसते. हा फरक कोठून येतो, याच्या उत्तरात व्यायामाचे महत्त्व दडलेले आहे.

तिसरी गोष्ट, झटक्यानंतर लगेच घेतलेला आकडा कायमचा नसतो. रक्तपुरवठा वेळेत पूर्ववत झाला असेल, तर जिवंत परंतु ‘बधिर’ झालेला स्नायू पुढील काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो. म्हणूनच काही काळाने इको तपासणी पुन्हा करण्यास सांगितले जाते.

विश्रांतीच्या उपचाराचा अनुभव

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटक्यानंतर रुग्णास सहा आठवडे पलंगावर निजवून ठेवण्याची पद्धत होती. १९५२ मध्ये अमेरिकेतील सॅम्युअल लेव्हिन व बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच आरामखुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. आज साधी वाटणारी ही सूचना त्या काळी धाडसाची मानली गेली.

पडून राहण्याने निरोगी शरीराचेही किती नुकसान होते, हे १९६६ मध्ये डॅलस येथे झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगाने दाखविले. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. एवढ्या अल्प काळात त्यांची कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता, जी हृदय व स्नायू यांच्या एकत्रित सामर्थ्याचे माप होय, सुमारे २७ टक्क्यांनी घटली. त्यानंतरच्या आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती भरून निघाली, इतकेच नव्हे तर मूळ पातळीच्याही वर गेली. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोहोचलेल्या याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या शय्येने अधिक हानी केली होती असे आढळले. विशीतील निरोगी हृदयाची ही कथा, तर आधीच दुखावलेल्या हृदयास सक्तीच्या विश्रांतीचा भार किती जड जात असेल, याची कल्पना करता येईल.

व्यायामाने काय घडते?

प्रथम एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. झटक्यात मृत झालेल्या स्नायूच्या जागी व्रणाची ऊती तयार होते, आणि ती व्यायामाने पुन्हा स्नायू बनत नाही. हृदयाच्या पेशींची नवनिर्मिती अत्यंत मंद असते. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहूनही कमी पेशी नव्या होतात. व्यायामाचे कार्य उरलेल्या स्नायूवर, रक्तवाहिन्यांवर आणि हातापायांच्या स्नायूंवर चालते. ते पुढीलप्रमाणे :

पहिला परिणाम नाडीवर होतो. नियमित व्यायामाने परानुकंपी मज्जातंतूंचा प्रभाव वाढतो व विश्रांतीची नाडी मंदावते. मिनिटाला ८० ठोक्यांऐवजी ६८ ठोके पडू लागले, तर दिवसाकाठी सतरा हजारांहून अधिक ठोके वाचतात. शिवाय दोन ठोक्यांमधील शिथिलतेचा काळ लांबतो. डाव्या जवनिकेच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यत्वे याच काळात मिळत असल्याने मंद नाडी म्हणजे त्या स्नायूचे अधिक पोषण होय.

दुसरा परिणाम शिथिलीकरणावर होतो. हृदयाने जोराने आकुंचन पावणे जितके महत्त्वाचे, तितकेच पूर्णपणे सैलावणेही महत्त्वाचे. सैलावल्याशिवाय ते भरणार कसे? आकुंचनासाठी सोडलेले कॅल्शियम पेशीच्या कोठारात परत खेचले गेले की स्नायू सैल होतो. ही क्रिया व्यायामाने अधिक तत्पर होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. बैठ्या आयुष्यात हृदय वयाबरोबर ताठर होत जाते. २०१८ मध्ये डॅलस येथील संशोधकांनी ४५ ते ६४ वर्षे वयाच्या बैठ्या परंतु निरोगी व्यक्तींकडून दोन वर्षे पद्धतशीर व्यायाम करवून घेतला. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरी १८ टक्क्यांनी वाढली आणि जवनिकेचा ताठरपणा कमी झाला. पासष्टीनंतर आरंभ केलेल्यांत मात्र, आधीच्या अभ्यासानुसार, क्षमता वाढली तरी ताठरपणा फारसा घटला नव्हता. चाळिशी-पन्नाशीतील वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

तिसरा परिणाम रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर होतो. रक्ताचा वाढलेला प्रवाह या अस्तरास घासून जातो, तेव्हा त्यातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते व वाहिनी रुंदावते. पुढचा मार्ग मोकळा झाल्याने दुर्बल हृदयास तेवढेच रक्त कमी दाबाने ढकलावे लागते.

चौथा परिणाम हातापायांच्या स्नायूंवर होतो, आणि रुग्णास सर्वांत आधी जाणवतो तो हाच. मांड्या व पोटऱ्यांमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात आणि आलेल्या रक्तातील प्राणवायू अधिक प्रमाणात उपयोगात आणला जातो. ज्यांचे पाय असे ‘शिकलेले’ असतात, त्यांच्या हृदयाला त्याच जिन्यासाठी कमी कष्ट पडतात. सारख्याच ई. एफ.च्या दोन रुग्णांतील फरकाचा एक मोठा भाग येथेच आहे.

आकडा थोडा, सामर्थ्य अधिक

हे दुर्बल हृदयाच्या रुग्णांमध्ये खरोखर घडते काय, याची तपासणी अनेक ठिकाणी झाली आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत सरासरी २४ टक्के ई. एफ. असलेल्या बारा रुग्णांनी चार ते सहा महिने व्यायाम केला. त्यांची क्षमता २३ टक्क्यांनी वाढली, विश्रांतीचा ई. एफ. मात्र बदलला नाही. २००३ मध्ये इटलीतील नव्वद रुग्णांच्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या व्यायामानंतर ई. एफ. सरासरी २५ वरून २९ टक्क्यांवर गेला आणि फुगलेली जवनिका काहीशी आक्रसली. व्यायाम न करणाऱ्या गटात ती आणखी फुगत गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २,३३१ रुग्णांचा समावेश असलेल्या मोठ्या अभ्यासात मृत्यू व रुग्णालयात पुन्हा दाखल होणे यांतील घट माफकच दिसली. परंतु इतक्या दुर्बल हृदयांसाठीही देखरेखीखालील व्यायाम सुरक्षित असल्याचे निश्चित झाले.

हृदयवाहिन्यांच्या विकारात, म्हणजे झटका, अँजिओप्लास्टी वा बायपासनंतर, लाभ अधिक ठळक आहे. २०२१ मध्ये ८५ चाचण्यांचा व तेवीस हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. व्यायामावर आधारित पुनर्वसन घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले.

यावरून कुटुंबीयांनी घ्यावयाचा बोध असा : इको अहवालातील आकडा थोडाच हलेल, कदाचित हलणारही नाही; पण रुग्णाचे चालणे, जिना, झोप, कामावर परतणे आणि आत्मविश्वास यांत होणारा बदल आकड्यापेक्षा पुष्कळ मोठा असू शकतो.

कष्ट आणि व्यायाम

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. तुर्भे-वाशीच्या घाऊक बाजारात पहाटेपासून पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी बांधवांना हृदयविकार का व्हावा? त्यांच्याइतका व्यायाम कोणाला घडतो?

कष्ट हृदयास उपकारक ठरू शकतात, हे खरे आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने सतत चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी होता. या विषयातील आधुनिक संशोधनाचा तो आरंभ मानला जातो. परंतु वाहकाचे काम लयबद्ध, हलके आणि मधूनमधून थांबणारे होते. ओझे उचलताना श्वास रोखला जातो, स्नायू आवळलेले राहतात, रक्तदाब एकदम चढतो, आणि हे सारे थकवा आला तरी तासन्‌तास चालते. सावकाश भरून सहज रिते होण्याचा सराव हृदयास त्यातून मिळत नाही. २०२१ मध्ये कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक नागरिकांच्या अभ्यासात, फावल्या वेळेतील व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार कमी, तर अतिकष्टाचे काम करणाऱ्यांत अधिक आढळला. त्यामागे उत्पन्न, धूम्रपान, अपुरी विश्रांती अशीही कारणे गुंतलेली असू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

घरातील स्त्रियांबाबतही हेच म्हणता येईल. ‘दिवसभर काम करतेच की’ असे म्हणून हृदयरुग्ण गृहिणीस व्यायाम केंद्रात पाठविलेच जात नाही. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे आणि सलग तीस मिनिटे लयीत चालणे यांत हृदयाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

आपली परंपरा आणि आजची कसोटी

महाराष्ट्रास व्यायाम नवा नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा घरोघरी व शाळाशाळांतून प्रसार केला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. त्या परंपरेची आधुनिक कसोटी अलीकडे लागली. भारतातील २४ रुग्णालयांत, झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत सौम्य आसने, प्राणायाम, शिथिलीकरण व जीवनशैलीविषयक मार्गदर्शन असे तिचे स्वरूप होते. पुन्हा झटका किंवा मृत्यू यांत दोन गटांतील फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाला नाही. मात्र योगगटातील रुग्णांनी स्वतःचे आरोग्य किंचित अधिक चांगले असल्याचे नोंदविले आणि पूर्वीच्या कामांकडे परतण्यात ते सरस ठरले. महागड्या यंत्रांविना, साध्या सभागृहातही पुनर्वसन करता येते, हा त्यातील आपणांस उपयुक्त असा धडा होय. हृदयरुग्णाने सूर्यनमस्कारांसारखा जोरकस प्रकार मात्र डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय आरंभू नये.

व्यायाम कसा करावा?

पुढील सूचना सर्वसाधारण आहेत. प्रत्येक रुग्णाची मात्रा त्याच्या डॉक्टरांनी ठरवावयाची असते.

१. आरंभी सपाट मार्गिकेवर सहा मिनिटे चालण्याची चाचणी किंवा ताण चाचणी करून घ्यावी. पुढील प्रगती याच मापाने मोजता येते.

२. प्रथम पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोनदा चालावे. दर आठवड्यास थोडी वाढ करीत आठवड्यातून पाच दिवस तीस ते चाळीस मिनिटांपर्यंत जावे. आरंभीची व अखेरची पाच मिनिटे संथ गतीची असावीत.

३. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकीच गती ठेवावी. नाडी मंद करणारी औषधे चालू असल्यास केवळ नाडी मोजून अंदाज घेणे फसवे ठरते.

४. हलके वजन वापरून करावयाचे व्यायाम परवानगी मिळाल्यावर, श्वास न रोखता करावेत. बायपासनंतर छातीचे हाड सांधेपर्यंत जड वस्तू उचलू वा ढकलू नये.

५. जेवणानंतर दीड-दोन तास व्यायाम टाळावा. वाशीचा सागर विहार, नेरुळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरचे सेंट्रल पार्क अशा सपाट जागा आरंभास योग्य आहेत. पारसिकचा किंवा खारघरचा डोंगर नव्हे. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात सूर्य वर येण्यापूर्वी चालावे, पावसाळ्यात इमारतीच्या मार्गिकेत, आणि हिवाळ्यात धुरकट सकाळी मोठ्या रस्त्यांपासून दूर.

६. छातीत दाब, जबडा वा हातात कळ, चक्कर, घाम, धडधड किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप जाणवताच थांबावे व बसावे. डॉक्टरांनी सांगितलेली जिभेखालची गोळी घेऊनही पाच मिनिटांत आराम न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

७. ताप असताना, विश्रांतीतही छातीत दुखत असताना, रक्तदाब अनियंत्रित असताना, किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढून पायांवर सूज आल्यास व्यायाम न करता डॉक्टरांना भेटावे. झडपेचा तीव्र संकोच असलेल्यांनी स्वतःहून व्यायाम सुरू करू नये.

व्यायामाचा लाभ साठवून ठेवता येत नाही. काही आठवडे खंड पडला की मिळविलेले बळ ओसरू लागते. रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे हे औषधही आयुष्यभर चालू ठेवावयाचे असते.

हितचिंतकांस निवेदन

धर्मादाय रुग्णालयास मिळणाऱ्या दानातून यंत्रे येतात, शस्त्रक्रिया होतात आणि रुग्णांचे प्राण वाचतात. त्या दानाचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. तथापि अँजिओप्लास्टी अरुंद झालेली वाहिनी उघडते. त्या वाहिनीवर जगणाऱ्या स्नायूस कामाची सवय लावणे हे पुढील कित्येक आठवड्यांचे काम आहे. त्यासाठी लागतात एक मोकळी मार्गिका, काही खुर्च्या, नाडी व रक्तदाब मोजण्याची साधने, आणीबाणीची औषधे व डिफिब्रिलेटर, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाचा वेळ. या वेळेवर कोणाच्या नावाची संगमरवरी पाटी बसविता येत नाही, म्हणून तो सहसा दानाच्या यादीत येत नाही.

रोजंदारीवर जगणाऱ्या रुग्णास आठवड्यातून तीनदा रुग्णालयात येणे म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडविणे. घरच्या घरी, दूरध्वनीवरील मार्गदर्शनाने केलेले पुनर्वसनही निवडक रुग्णांत केंद्रातील पुनर्वसनाइतकेच परिणामकारक ठरते, असे अनेक चाचण्यांच्या आढाव्यांतून दिसून आले आहे. अशा रुग्णाच्या प्रवासभाड्यास किंवा त्यास दर आठवड्यास दूरध्वनी करणाऱ्या कार्यकर्त्यास दिलेले साहाय्य हे शस्त्रक्रियेस दिलेल्या साहाय्याचीच पूर्तता होय.

रुग्णांच्या कुटुंबीयांस एवढेच सांगणे की, डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर आपल्या माणसास ‘बसा’ म्हणण्याऐवजी त्याच्यासोबत दहा मिनिटे चालावयास निघावे. अशाने आपल्याही हृदयास तेच औषध मिळेल.